जर्मनीत डिग्री झाल्यावर नोकरीसाठी राहायचंय? आधी अठरा महिन्यांचा हिशेब मांडा

दर डिसेंबरात मी पंधरा दिवस ठाण्याला येते, नौपाड्यात. त्यातल्या तीन-चार संध्याकाळी तरी आमच्या हॉलमध्ये कुणी ना कुणी बसलेलं असतं. कधी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा, कधी आईच्या भजनी मंडळातल्या मावशींची भाची, आणि एकदा तर ऐरोलीहून बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांचं अख्खं कुटुंब आलं होतं. चहा होतो, मुलाच्या मार्कांची चौकशी होते, आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं, "ताई, डिग्री झाल्यावर अठरा महिने मिळतातच ना? तेवढ्यात लागेलच नोकरी."

मिळतात. जर्मनीच्या निवास कायद्याच्या विसाव्या कलमात तसं लिहिलंच आहे. तिथली पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नोकरी शोधायला अठरा महिन्यांपर्यंत राहता येतं आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. पण हा परवाना पुढे वाढत नाही. शिवाय त्यातले पहिले दोन-तीन महिने कुठे जातात ते कळतसुद्धा नाही: विद्यापीठाचा कागद, विम्याचा कागद, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातली (सगळे त्याला नुसतं 'आउसलेंडर' म्हणतात) अपॉइंटमेंट. माझं मत विचाराल तर ज्याला हा परवाना घ्यावाच लागला नाही, त्याचं नियोजन सगळ्यात चांगलं. थीसिस संपायच्या आत नोकरीचा करार हातात आणि विद्यार्थी परवान्यावरून थेट ब्लू कार्ड, म्हणजे ठरावीक पगाराच्या वरच्या पदवीधरांना मिळणारा नोकरीचा परवाना. मला ते जमलं नाही. का जमलं नाही ते पुढे येईलच.

ठाण्यातून निघायच्या आधी

राहण्याची तयारी इथून सुरू होते, हे कुणाला पटत नाही. पटो न पटो, करा.

पहिली गोष्ट पदवीची. प्रवेश कुठल्या संस्थेत आहे, तिला तिथल्या सरकारची मान्यता आहे का, आणि शेवटी हातात येणारी पदवी जर्मन आहे की दुसऱ्याच कुठल्या देशातल्या विद्यापीठाची, हे फी भरण्याआधी तपासा. काही खासगी संस्था वर्ग जर्मनीत भरवतात आणि पदवी बाहेरच्या विद्यापीठाची देतात. काही अभ्यासक्रमांत निम्म्याहून जास्त तास ऑनलाइन असतात. अशा ठिकाणी विद्यार्थी परवाना मिळतानाच अडचण येऊ शकते आणि अठरा महिन्यांचा हक्कही वादात सापडतो. स्टेशनजवळच्या सल्लागाराला हे विचारलंत तर तो "सगळे जातात हो" असं म्हणेल. संस्थेचं आणि पदवीचं नाव 'अनाबिन' या सरकारी यादीत स्वतः शोधा.

दुसरी विम्याची. व्हिसाच्या घाईत स्वस्तातला खासगी आरोग्य विमा गळ्यात मारला जातो. प्रवासापुरता तो ठीक. पण तिथे पोचल्यावर विद्यार्थी म्हणून सरकारी आरोग्य विमा घ्यायचं टाळून खासगी विम्यावरच राहिलात, तर शिक्षण संपल्यावर आणि नोकरी लागण्याआधी, म्हणजे नेमक्या अठरा महिन्यांच्या काळात, सरकारी विम्याचं दार बंद असतं. नोकरी लागली की ते उघडतं, पण परवान्याच्या अर्जाला विमा आत्ता लागतो. वय तिशीच्या आत असेल तर पहिल्या दिवसापासून सरकारी विमाच घ्या. महिन्याला थोडे जास्त पैसे जातात, ते जाऊ द्या.

तिसरी पासपोर्टची. निवास परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. चार वर्षांचं ब्लू कार्ड मिळण्यासारखं असताना पासपोर्टला चौदा महिने उरलेत म्हणून चौदा महिन्यांचं कार्ड मिळालेले लोक मी पाहिले आहेत. भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून करता येतं. सुट्टीत घरी आलात आणि वेळ साधत असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात उरकून टाका. जर्मनीत बसून भारतीय दूतावासामार्फत केलंत, तर पोलीस तपासणी ठाण्याच्या पत्त्यावर होते आणि दारात आलेल्या हवालदारांशी बोलायला आई एकटीच असते.

मुंबई विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टच्या तीन-चार जादा प्रती कलिनाहून आणून ठेवा. एपीएस प्रमाणपत्राची (आपल्या मार्कशीट जर्मन दूतावासाच्या केंद्राने तपासल्याचा कागद) स्कॅन प्रत घरच्यांच्याही फोनमध्ये असू द्या. आणि बँकेचं कर्ज मंजुरीपत्र खरोखर वाचा. त्यात हप्ता कधीपासून सुरू होणार ते लिहिलेलं असतं. त्याचा विषय शेवटी काढते.

पहिलं वर्ष: काम कुठे करायचं

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो म्हणजे महिन्याला ९९२ युरो ठेवावे लागतात, आणि म्युनिकसारख्या शहरात ते पुरत नाहीत. म्हणून सगळेच काम शोधतात. विद्यार्थी परवान्यावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आठवड्याला वीस तासांची नोकरी वर्षभर केली तरी ती या हिशेबात बसते. विद्यापीठातलं सहायकाचं काम, ज्याला तिथे 'हिवी' म्हणतात, आणि अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप या दिवसांत धरली जात नाहीत.

आता पैशाच्या मोहाबद्दल. २०२६ मध्ये तिथलं किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. गोदामात खोकी उचला नाहीतर सायकलवरून जेवणाचे डबे पोचवा, एवढं मिळतंच. आपल्या विषयातल्या कंपनीत 'वेर्कश्टुडेंट' म्हणून लागलात तर सुरुवातीला दर याच्या आसपास किंवा जरासा वर असतो, आणि ती जागा मिळवायला चाळीस-पन्नास अर्ज करावे लागतात. त्यामुळे मुलं गोदामात जातात आणि तिथेच रमतात. मीही पहिले आठ महिने एका बेकरीच्या काउंटरवर होते. त्याची लाज नाही, उलट जर्मन तिथेच सुधारलं. पण दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी तरी आपल्या क्षेत्रात शिरायलाच हवं. कारण जर्मन कंपनी नवख्याला घ्यायला कचरते आणि दीड वर्ष डोळ्यांसमोर वावरलेल्या विद्यार्थ्याला सहज घेते. माझ्या ओळखीतल्या ज्यांना करार लवकर मिळाला, त्यातल्या बहुतेकांना तो वेर्कश्टुडेंट असलेल्या कंपनीतच मिळाला.

काम सोडताना अनुभव प्रमाणपत्र मागून घ्या, म्हणजे 'आर्बाइट्सत्सोयग्निस'. ते मागायचा तुमचा हक्क आहे. पण ते वाचायची एक रीत आहे. त्यात कुणाबद्दल वाईट लिहीत नाहीत, म्हणून कौतुकालाच पायऱ्या पडल्या आहेत. "आमच्या समाधानाप्रमाणे काम केलं" हे वाक्य आपल्याला छान वाटतं, पण तिथल्या एचआरला त्यातून जेमतेम पास एवढंच कळतं. पहिल्या श्रेणीला "सदैव आमच्या संपूर्ण समाधानास पात्र" या अर्थाचं वाक्य लागतं, आणि त्यातला 'सदैव' गाळला तरी एक पायरी खाली. कागद हातात पडला की आधी एखाद्या जर्मन सहकाऱ्याला दाखवा आणि शब्द कमी पडत असतील तर बदलून मागा. तिथे हे मागणं उद्धटपणाचं समजत नाहीत.

भाषा

अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून भाषा टाळणारे शेवटच्या सेमिस्टरला पस्तावतात. आयटीमध्ये बर्लिनला इंग्रजीवर निभावतं. मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकलवाल्यांना छोट्या गावातल्या मध्यम कंपन्यांत जावं लागतं, आणि तिथे जेवणाच्या टेबलावर कुणी तुमच्यासाठी इंग्रजी बोलत नाही. जर्मनच्या पहिल्या दोन पातळ्या, ए१ आणि ए२, ठाण्यातच करून जा. काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात करा नाहीतर घराजवळच्या क्लासला, फरक पडत नाही. त्यापुढची पातळी, बी१, तिथे पहिल्या वर्षात. बी१चं प्रमाणपत्र पुढे पीआरच्या, म्हणजे कायमच्या निवास परवान्याच्या, वेळी सहा महिने वाचवतं, कसं ते खाली आहे.

थीसिसचे सहा महिने

नोकरीचा शोध थीसिस संपल्यावर सुरू करायचा नसतो. तो थीसिसबरोबर चालवायचा. अर्ज केल्यापासून सहीचा करार हातात पडेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. ऑगस्टमध्ये आणि ख्रिसमसच्या आसपास तर कुणी उत्तरच देत नाही.

जमलं तर थीसिसच कंपनीत करा. विषय प्राध्यापकांना मान्य व्हायला हवा, आणि कंपनीचा गुप्ततेचा करार विद्यापीठाला चालतो का ते आधी विचारून घ्या. त्यावरून दोन महिने घोळ घातलेला माझा एक वर्गमित्र आहे.

बायोडेटा दोन पानांचा, तारखा महिन्यासकट, मधे रिकामी जागा नको. आपल्याकडची 'वडिलांचं नाव, धर्म, छंद' वगैरे यादी काढून टाका. परवान्याबद्दल मात्र एक ओळ स्वतःहून लिहा: डिग्रीनंतर अठरा महिने कुठलंही काम करण्याचा परवाना मिळतो आणि ब्लू कार्डसाठी मी पात्र आहे. छोट्या कंपनीच्या एचआरला हे माहीत नसतं. 'परदेशी माणूस म्हणजे कटकट' असं समजून ते अर्ज बाजूला ठेवतात.

पगाराचा आकडा बोलण्याआधी ब्लू कार्डचा आकडा पाठ हवा. २०२६ साठी वर्षाला ५०,७०० युरो. ज्यांची पदवी गेल्या तीन वर्षांतली आहे, आणि जे टंचाईच्या व्यवसायांत आहेत, त्यांच्यासाठी ४५,९३४ युरो आणि २० सेंट. म्हणजे ताज्या पदवीधराला खालचा आकडा चालतो. गंमत अशी की कंपन्या गोल आकडे देतात आणि पंचेचाळीस हजार हा फार लाडका गोल आकडा आहे. त्यावर सही केलीत तर हजाराहून कमी युरोंसाठी ब्लू कार्ड हुकेल. मुलाखतीतच सांगा की या कारणासाठी सेहेचाळीस हजार हवेत. वर्षाला हजार युरोंवरून तुम्हाला कुणी सोडत नाही. बोनस मिळेलच याची खात्री नसेल तर तो धरू नका, हमीचा पगारच मोजतात. आकडा दर जानेवारीत बदलतो आणि बहुधा वाढतोच. डिसेंबरात सही करून जानेवारीत अर्ज करणाऱ्यांनी नवा आकडा बघावा. खालच्या आकड्यावरच्या अर्जाला तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते, त्यात आणखी काही आठवडे जातात.

करार किमान सहा महिन्यांचा हवा आणि काम पदवीला साजेसं हवं. पगार त्याहूनही कमी असेल तर कुशल कामगाराचा साधा परवाना आहे, अठरा-ब कलमाचा. त्यात पंचेचाळीस वर्षांच्या आतल्यांना ठरावीक आकड्याची अट नाही. पगार तिथल्या त्याच कामाच्या रीतीप्रमाणे असला की पुरतो. त्यामुळे ब्लू कार्ड नाही म्हणून हातची नोकरी नाकारू नका.

घरी सांगायला आणखी एक हिशेब. वर्षाला पन्नास हजार म्हटलं की आपल्याकडे लगेच रुपयांत गुणाकार होतो. अविवाहित माणसाच्या हातात कर, पेन्शन, विमा वगळून महिन्याला साधारण सव्वीसशे-सत्तावीसशे युरो येतात, आणि त्यातलं हजारेक भाड्याला जातं.

निकाल लागला, आता क्रमाने चाला

इथेच मी फसले, म्हणून जरा सविस्तर.

माझा विद्यार्थी परवाना ३० सप्टेंबरला संपणार होता. थीसिसचे मार्क ऑगस्टच्या मध्यावर कळले. मला वाटलं, मूळ पदवी प्रमाणपत्र हातात आलं की ऐटीत अर्ज करू. ते छापून यायला नऊ आठवडे लागले. मधल्या काळात कार्यालयाची अपॉइंटमेंट शोधली तर पहिली तारीख नोव्हेंबरची. मैत्रिणीने धक्का दिला म्हणून २४ सप्टेंबरला मी ऑनलाइन अर्ज टाकला, सहा दिवस राखून. परवाना कायदेशीर राहिला. पण हातात कागद काहीच नव्हता. त्याच काळात एका कंपनीने मला निवडलं होतं. त्यांनी "परवान्याचा कागद आला की कळवा" असं सांगितलं आणि तीन आठवड्यांनी जागा दुसऱ्याला दिली.

म्हणून क्रम असा ठेवा.

निकाल लेखी कळला त्याच आठवड्यात परीक्षा विभागाकडून तात्पुरतं प्रमाणपत्र मागा: सगळ्या परीक्षा उत्तीर्ण, अमुक पदवीस पात्र. साधं एक पानाचं पत्र असतं. अठरा महिन्यांच्या अर्जाला बहुतेक ठिकाणी ते चालतं, मूळ प्रमाणपत्र मागाहून देता येतं.

त्याच दिवशी, वेर्कश्टुडेंट असाल तर, एचआरला कळवा. निकाल लेखी मिळाला त्या महिन्याच्या अखेरीस तुमचा वेर्कश्टुडेंटचा दर्जा संपतो, मग विद्यापीठात नाव अजून असलं तरी. कंपनीला पुढच्या महिन्यापासून पूर्ण सामाजिक विमा कापावा लागतो. न सांगता चालू ठेवलंत तर नंतर दोघांच्याही मागे वसुली लागते.

नंतर विमा कंपनीला फोन. विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर संपला की नोकरी नसताना स्वेच्छा सभासद म्हणून राहावं लागतं आणि महिन्याचा हप्ता दोनशे युरोंच्या पुढे जातो. हा खर्च कुणी आधी धरत नाही. विमा चालू असल्याचं पत्र मागून घ्या, अर्जाला जोडायचं असतं.

आता अर्ज. पासपोर्ट, सध्याचं कार्ड, तात्पुरतं प्रमाणपत्र, विम्याचं पत्र, राहत्या पत्त्याची नोंद, आणि उदरनिर्वाहाचा पुरावा. पुरावा म्हणजे महिन्याला हजारेक युरो कुठून येणार ते: ब्लॉक्ड अकाउंट, चालू नोकरीच्या पगारपावत्या, किंवा जर्मनीत राहणाऱ्या कुणाचं हमीपत्र. ठाण्याच्या बँकेतली बाबांची मुदत ठेव दाखवून काम होईल असं गृहीत धरू नका. प्रत्येक शहराच्या कार्यालयाची यादी थोडी वेगळी असते. आपल्या शहराच्या संकेतस्थळावरची यादी वाचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली दुसऱ्या शहराची नको. परवान्याची फी शंभर युरोंपर्यंत. फोटोंचं एक: १ मे २०२५ पासून तिथे ओळखपत्रांसाठी डिजिटल फोटोच चालतात, नोंदणी असलेल्या स्टुडिओतून पाठवलेले किंवा कार्यालयातल्या यंत्रावर काढलेले. राम मारुती रोडवर काढून आणलेली बारा फोटोंची पाकिटं अल्बममध्ये लावा.

अर्ज जुना परवाना संपायच्या आत जाणं हीच सगळ्यात मोठी गोष्ट. आत गेला तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू मानला जातो. एक दिवस उशीर झाला तरी हा आधार जातो. ऑनलाइन अर्जाची पोचपावती, तारखेसकट, पीडीएफ करून ठेवा. पोचपावती आली नाही तर तेच कागद रजिस्टर टपालाने पाठवा.

मग त्या कार्यालयाकडून मधल्या काळाचं प्रमाणपत्र मागा. त्याचं जर्मन नाव लांबलचक आहे, पण आपली मुलं त्याला 'फिक्शन' म्हणतात. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, खूण एक्क्याऐंशीव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमावर आहे ना. तशी असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. तिसऱ्या पोटकलमावर असेल तर प्रवास करू नका. दोन, कामाबद्दल काय लिहिलंय. नवा परवाना मिळेपर्यंत सहसा विद्यार्थी असतानाच्याच अटी चालू राहतात, म्हणजे १४० दिवस. पूर्णवेळ काम मिळालं असेल तर कार्यालयाला ते कळवून तशी परवानगी कागदावर लिहून घ्या, मगच रुजू व्हा.

एवढं होईपर्यंत "गणपतीला घरी जाऊन येते" हा मोह आवरा. परवाना संपायला आठ दिवस असताना घरी आलेली आणि उकडीचे मोदक खाता खाता मुदत संपलेली एक मुलगी मला माहीत आहे. तिला नव्याने व्हिसासाठी नरिमन पॉइंटच्या जर्मन वकिलातीचे खेटे घालावे लागले.

हातात करार आधीच असेल तर यातला बराच भाग वगळून थेट ब्लू कार्डाचा अर्ज करा. कागद तेच, उदरनिर्वाहाच्या पुराव्याऐवजी करार आणि कंपनीने भरलेला नोकरीच्या वर्णनाचा फॉर्म. अठरा महिन्यांचा परवाना मधे घ्यायची गरज नाही.

ब्लू कार्ड झालं, पुढे?

पहिले सहा महिने बहुतेक ठिकाणी परीक्षाकाळ असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढून टाकता येतं. त्या काळात घर घेणं, गाडी घेणं, लग्नाची तारीख धरणं टाळा. आईला हे सांगणं कठीण असतं हे मान्य.

नोकरी गेली तर दोन आठवड्यांत परदेशी कार्यालयाला कळवायचं, हे बंधन तुमच्यावर आहे. पहिल्या वर्षात नोकरी बदलली तरी कळवायचं. बहुतेक जण एचआरवर सोडून देतात आणि नूतनीकरणाच्या वेळी उत्तर द्यायला तारांबळ उडते.

पीआर ब्लू कार्डवर २७ महिन्यांत मिळते, बी१ असेल तर २१ महिन्यांत. तेवढे महिने पेन्शनची वर्गणी भरलेली हवी. 'जर्मनीतलं जीवन' नावाची ३३ प्रश्नांची परीक्षा असते, ती अवघड नाही. ब्लू कार्ड नसून साधा कुशल कामगार परवाना असेल तर जर्मन विद्यापीठाच्या पदवीधराला दोन वर्षं आणि बी१. नागरिकत्व पाच वर्षांनी मागता येतं, पण मग भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. त्यावर इथे लिहीत नाही, आमच्या घरातच त्यावर अजून एकमत नाही.

नौपाड्यातला हिशेब

आता कर्ज. अठरा महिन्यांचा परवाना आणि कर्जाची सवलत या दोन वेगळ्या मुदती आहेत, आणि घरच्यांची झोप दुसरीमुळे उडते. बऱ्याच बँकांत अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभर हप्ता लागत नाही, काही वित्तसंस्थांत फक्त सहा महिने. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं. म्हणजे परवान्याचे अकरा-बारा महिने शिल्लक असतानाच ठाण्यात बाबांच्या खात्यातून हप्ता जायला लागू शकतो. फ्लॅट तारण असेल तर त्याची भीती वेगळीच. म्हणून निघण्याआधी एका कागदावर दोन तारखा लिहून फ्रिजवर लावा: हप्ता सुरू होण्याची आणि अठरा महिन्यांचा परवाना संपण्याची. त्या दोहोंमध्ये नोकरी नसेल तर किती महिने घरून निभावता येईल, हे मुलासमोर बसून ठरवा. आमच्याकडे हे बोलणं झालं नव्हतं. बाबांनी चार हप्ते मला न सांगता भरले.

कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते, आठ वर्षांपर्यंत, पण जुन्या कररचनेतच. वडील सहकर्जदार असून हप्ता तेच भरत असतील तर कररचना निवडताना हे विचारात घ्या.

ठाण्यातलं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं रुपयांतलं खातं) करून घ्या. बाबांचं नाव त्यावर राहू शकतं. पीपीएफ आधीचं असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. आणि भारतातला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. सगळे ओटीपी तिथेच येतात. माझा नंबर एकदा रिचार्जअभावी गेला तेव्हा बँक, आधार, कर खातं असं सगळं एकदम अडकलं आणि ते सोडवायला डिसेंबरातले पंधरापैकी चार दिवस गेले.

नाही जमलं तर

जमत नाही, असंही होतं. बाजार थंड असतो, विषय अडचणीचा असतो, भाषा कमी पडते. बाराव्या महिन्याला एकही मुलाखत पुढे सरकत नसेल तर शेवटच्या महिन्यापर्यंत ताणू नका. इथे अर्ज सुरू करा. जर्मन कंपन्यांची भारतात कामं आहेत. कळव्याला ठाणे-बेलापूर रस्त्यावर सीमेन्सचा कारखाना आपण लहानपणापासून बघतो, आणि पुण्याकडे चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या कंपन्या आहेत. तिथे जर्मन येणारा इंजिनियर लागतो. माझ्या बॅचमधला एक जण असाच परत आला, दोन वर्षांनी त्याच कंपनीने त्याला तिकडे पाठवला, आणि आता तो ब्लू कार्डवर आहे. परत येताना पत्त्याची नोंद रद्द करा, विमा बंद करा, ब्लॉक्ड अकाउंटमधले उरलेले पैसे काढा आणि कर क्रमांकाचं पत्र जपून ठेवा. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की सहसा परवाना आपोआप संपतो. ब्लू कार्डवाल्यांना बारा महिन्यांची मुभा आहे.

येत्या डिसेंबरात आमच्याकडे येणार असाल तर पासपोर्ट, बँकेचं मंजुरीपत्र आणि विद्यापीठाचं प्रवेशपत्र एवढं बरोबर घेऊन या. मागच्या खेपेला चौघांपैकी एकानेच आणलं होतं, बाकी तिघांशी गप्पाच झाल्या.